डोक्याबाहेरचा डोळा

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले होते चूक दाखवायला, आले प्रवेश घेऊन!

कला महाविद्यालयाच्या फाटकाशी फळा — 'कापडावरच्या नक्षीचा इतीहास. दर मंगळवारी दुपारी.' इतीहास! ती दीर्घ! एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. असा फळा ओलांडून पुढे जाणं माझ्या पायांना जमत नाही. आत जाऊन सांगितलं. शिकवणारे मास्तर तिशीचे असतील. मुकाट्याने खडू घेऊन बाहेर आले, वेलांटी दुरुस्त केली आणि विचारलं, "आणखी काय काय दिसतं तुम्हाला?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बसले वर्गात.

अठरा मुलंमुली. एकूण एक आमच्या लोखंडी कपाटापेक्षा वयाने लहान. मास्तरांची झुलपं सारखी डोळ्यांवर येतात. यांना स्वतःला काय दिसतं देव जाणे. नाव ठेवलं आहे झुलपे — या वहीपुरतं.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "वा! दर मंगळवारी? नक्की?" उत्साह जरा जास्तच होता. सासूबाई म्हणाल्या, "बी.ए. होऊन पोट भरलं नाही वाटतं."

११ फेब्रुवारी, मंगळवार

झुलपे आज म्हणाले, आपण चित्राकडे बघत नाही, चित्र आपल्याकडे बघतं. म्हणे! मी विचारलं, मग हजेरी कोण कुणाची घेतं? मागच्या बाकावर जांभळ्या केसांची एक मुलगी बसते, ती फिस्सकन हसली. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग म्हणाले, प्रत्येक छापील कापडात 'रिपीट' शोधा. आमच्या वेळी रिपीट म्हणजे नापास होऊन त्याच वर्गात बसलेला. इथे अर्थ वेगळा. नक्षीचा असा सगळ्यात लहान तुकडा, ज्यात सगळं काही येऊन जातं. तोच पुन्हा पुन्हा छापायचा, की ठाणभर कापड तयार.

ह्यांना समजावून सांगितलं. म्हणाले, "थोडक्यात, संसार."

गृहपाठ — घरातलं एक कापड निवडा. त्यावर दोन पानं लिहा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निवडायला कशाला हवं? समोरच लटकतंय.

बाहेरच्या खोलीतला पडदा. माझ्या लग्नाच्या आदल्या महिन्यात सासूबाईंनी स्वतः दुकानात जाऊन आणला. चौतीस वर्षं झाली. हिरव्या पाण्यात एका पायावर उभे बगळे, वर चंद्र. छपाई करताना प्रत्येक रंग वेगळा छापतात. एक रंग जरा सरकला, की चित्र बिघडलं. इथे काळा सरकलाय. त्यामुळे प्रत्येक बगळ्याचा डोळा डोक्यात नाही, डोक्याबाहेर! माशी बसावी तसा हवेत! चौतीस वर्षं मी त्या डोळ्यांसमोर चहा प्याले आहे. दर घोटाला वाटायचं, लाल पेन घ्यावं.

सासूबाईंची खुर्ची पडद्यासमोरच असते. गेली चार वर्षं त्यांना दिसत काहीच नाही — दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर नुसता धूर दिसतो म्हणतात. तरी बसायचं पडद्याकडे तोंड करूनच. ऑपरेशनचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर — "माझे डोळे, माझा धूर."

निबंध लिहून झाला. चौदा चुका सापडल्या. क्रमांक घालून दिल्या आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निबंध परत आला. खाली झुलप्यांची ओळ — "मॅडम, तुम्ही कापड तपासलंत. बघितलं नाहीत. पुन्हा लिहा."

पुन्हा लिहा! मला! म्हणजे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी रिपीट!

१९ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंना घेऊन हे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले — नेहमीचंच, तपासणी आणि नकार. घर रिकामं होतं. पडदा काढला, कात्री घेतली. सव्वीस फडकी झाली. कडा दुमडून शिवलीसुद्धा. त्याच रंगाचा साधा हिरवा पडदा लावून टाकला.

सासूबाईंना दिसणार थोडंच!

चौतीस वर्षांनी भिंत शुद्ध दिसते आहे.

फडक्यांपैकी पाच-सहा लगेच वाटून टाकली. कापड मुरलेलं आहे, पाणी छान शोषतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल ती दोघं परत आली तेव्हा मी शेजारी फडकी द्यायला गेले होते, म्हणून बातमी आज सकाळी कळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकून दगड झालाय, महिन्याभरात काढला नाही तर डोळा कायमचा जाईल. हे आपले नकाराची वाट बघत बसले. आणि सासूबाई म्हणाल्या, "करते."

का? तर — "मरायच्या आधी माझे बगळे एकदा स्वच्छ बघायचेत."

हे आनंदाने मला सांगत होते. मी ओटा पुसत होते. हातात काय होतं ते लिहायला नको.

दुपारी सासूबाई काठी टेकत खिडकीशी गेल्या. पडदा मुठीत धरला. "हा कुठला?"

"तात्पुरता आहे आई. तुमचा धुवायला टाकलाय."

माझ्या तोंडून हे वाक्य कसं गेलं, मला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही. बोलता येत नाही.

"मग येऊ दे तो," त्या म्हणाल्या. "पडदा आधी, डोळा मग. कोऱ्या भिंतीसाठी कोण कापून घेणार?"

ऑपरेशन अठरा मार्चला ठरलं आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांना सांगितलं. म्हणाले एवढंच — "सगळा?"

"सव्वीस फडकी."

"अगं, निदान पिशव्या तरी शिवायच्यास!"

आईला खरं सांगून टाकू, म्हणाले. मी म्हटलं, सांगा आणि त्या नाही म्हणाल्या तर? डोळा जाईल. तोही माझ्या कात्रीने. हे म्हणाले, मग नको. ह्यांना त्यांची आई माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कापडाची सात दुकानं पालथी घातली. ती गिरणी कधीच बंद पडली. शेवटचा दुकानदार म्हणाला, "बगळे? आणि डोळा बाहेर? ताई, डोळा आत असलेले दाखवतो ना. भाव तोच."

२२ फेब्रुवारी, शनिवार

फडकी गोळा करायला निघाले. जिना झाडणाऱ्या मावशींकडे तीन होती. "दिलेलं परत मागता होय?" म्हणाल्या. "असं फडकं नशिबाने मिळतं." तिन्हींच्या बदल्यात माझे दोन नवे टॉवेल गेले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी चंद्राने स्कूटर पुसली होती. चंद्रावर काळं तेल. त्यांनी फडकं परत दिलं, पण दारात उभं करून विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, सगळं उत्तम आहे. हे तिसरं खोटं. मोजायचं बंद करते आता.

सव्वीसपैकी चोवीस मिळाली. एक घंटागाडीत गेलं. एक शेगडीवर जळलं, ते माझ्याच हातून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फडकी पिशवीत घालून वर्गात नेली. अठरा पोरांसमोर उभी राहिले आणि जे केलं ते सांगितलं. छापखान्यात चूक कुणाची म्हणून विचारलं तर मी कधी दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. इथेही नाही.

पोरं पोट धरून हसली. झुलपे हसले नाहीत. त्यांनी चार टेबलं एकत्र ओढली.

मग सगळे मिळून जुळवत बसलो. इकडे पाय, तिकडे पंख, "मॅडम, हे पाणी आहे की पाठ?" दोन तास गेले. चार फडक्यांत रिपीट सापडलं — आणि मी खुर्चीत बसले. चौतीस वर्षं मला वाटत होतं, एकच बगळा पुन्हा पुन्हा छापलाय. तीन आहेत! पहिल्याच्या चोचीत मासा. दुसरा त्या माशाकडे टक लावून बघतोय. तिसरा दोघांपासून जरा लांब उभा. तिसऱ्याचं डोकंच नाही. ते शेगडीवर गेलं.

"तिसरा रागावलाय," जांभळी म्हणाली.

"रागावलाय नाही. रागावलीये," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. उभं राहायची पद्धतच तशी आहे.

दुसरीकडून रिपीट उचलावं म्हटलं, तर सगळीकडे नेमका तिसरीच्या डोक्यावरूनच कात्रीचा काप. शिवण उसवून पाहिली, तर मुरलेली कड विरून गेलेली. मी मोजून सरळ रेषेत कापते. नडलं ते.

झुलपे म्हणाले, डोक्याशिवाय काढता येणार नाही. ते बघितलेलं कुणी आहे का?

एकच बाई आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंच्या पायाला तेल लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं. आई, ती तिसरी कशी उभी आहे हो?

त्यांना विचार करावाच लागला नाही. "मान वळवून मागे बघते. तुला वाटेल माशाकडे, पण नाही. माशाच्या वरून. आणि मान वळल्यामुळे तिचा डोळा सगळ्यात लांब पडलाय. इतर दोघांचा बोटभर, हिचा दोन बोटं." मग म्हणाल्या, "तुला कशाला हवं?"

"निबंधासाठी."

हे मात्र खरं होतं. मलाच बरं वाटलं.

त्या पुढे म्हणाल्या, "दुकानदार हा गठ्ठा बाद म्हणून बाजूला ठेवत होता. मी म्हटलं, मला हाच हवा. नीट छापलेले बगळे नुसते उभे असतात. ह्यांना काहीतरी दिसलंय आणि डोळा तिकडे गेलाय. डोकं मागाहून येईल."

मी तेल लावत राहिले. माझ्या निबंधात ती चूक क्रमांक एक होती.

४ मार्च, मंगळवार

प्रत्येक रंगासाठी एक जाळीची चौकट. चौकट कापडावर ठेवायची, रंग ओतायचा आणि रबरी पट्टीने एका दमात ओढायचा. हात थांबला की डाग. झुलपे म्हणाले, "मॅडम, श्वास सोडा." मी म्हटलं, काम करताना मी श्वास घेत नसते.

नमुना छापून झाला. वाळवून घरी आणला. ह्यांना दाखवला. चष्मा वर करून, खाली करून बघितला. "छान आहेत," म्हणाले. "पाहुणे आलेत का?"

"म्हणजे?"

"हे आईचे नाहीत. ह्यांचे डोळे जागेवर आहेत."

पाहिलं तर खरंच! काळ्याच्या चौकटीचं चित्र मी काढलं होतं. डोळा बाहेर काढायचा हे मला पाठ होतं. आणि हाताने तिन्ही डोळे उचलून नीट डोक्यात नेऊन ठेवले. मला पत्ताही लागू दिला नाही. एकतीस वर्षांची सवय!

५ मार्च, बुधवार

प्रुफं तपासताना एखादी दुरुस्ती चुकून केली असेल, तर तिच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं — 'तसेच ठेवा'. म्हणजे दुरुस्त करणाऱ्याचं चुकलं, मूळचं बरोबर होतं. ही खूण सगळ्या मुद्रितशोधकांना येते. मी ती नोकरीत फार तर दहा वेळा केली असेल. आमचे फोरमन म्हणायचे, "बाईंच्या पेनात टिंबं नाहीतच."

आज नवं चित्र काढलं. तिन्ही डोळे बाहेर. दोघांचे एक बोट, तिचा दोन बोटं. खाली टिंबं दिली. समासात लिहिलं — तसेच ठेवा.

८ मार्च, शनिवार

सासूबाई — "पडदा धुवायला गेलाय की लग्नाला?"

मी — "इस्त्रीला दिलाय."

सासूबाई — "परवा रफूला होता."

मी — "रफू करून इस्त्रीला."

सासूबाई — "बरं." आणि नुसत्याच हसल्या. धुरात बघून.

११ मार्च, मंगळवार

छापला! पाच मीटर! एका बाजूला झुलपे, एका बाजूला मी, मध्ये चौकट धरायला अख्खा वर्ग. हिरवा, पांढरा, राखाडी. काळ्याची वेळ आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौकट बोटभर सरकलेली दिसत होती. उभ्या जन्मात अशी गोष्ट मी मशीनवर चढू दिली नसती.

"ओढा," मी म्हटलं.

बारा रिपीट, छत्तीस डोळे. एकही डोक्यात नाही. जांभळीने टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हटलं, रंग ओला आहे, वारा घालू नकोस.

१३ मार्च, गुरुवार

नवा कोरा दिसतो, ही पंचाईत. धुण्याच्या सोड्यात नऊ वेळा धुतला. दोन दिवस गच्चीवर उन्हात. इंजिनिअर वर आले होते, म्हणाले, "नवं कापड जुनं करताय?" मी म्हटलं, तुम्ही स्कूटर पुसा.

एका कडेला चहाचा डागही टाकला. मूळच्या पडद्यावर होता. ह्यांच्या हातून पडलेला.

१५ मार्च, शनिवार

लावला. ह्यांनी लांबून बघितला, जवळून बघितला आणि डोळे पुसले. एवढं काय त्यात!

मग सासूबाईंना खिडकीशी आणलं. "आला एकदाचा!" म्हणाल्या. पडदा हातात घेतला. अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये धरून चोळला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. कडेची शिवण चाचपली. मी जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होते.

"वास नवा येतोय."

"साबण बदललाय, आई."

"हं," म्हणाल्या. आणखी थोडा वेळ चोळला. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "मंगळवारी किती वाजता निघायचंय?"

सुटले!

१८ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. एक डोळा. पाऊण तास. बाहेर मी एकही मासिक वाचलं नाही. वाचलं असतं तर चुका दिसल्या असत्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "उत्तम! आणि काय हो तुमच्या सासूबाई, टेबलावर मलाच दम देत होत्या." म्हणजे प्रकृती चांगली.

आजच्या वर्गाला खाडा. निबंध जांभळीकडे दिलाय. दोन पानं, 'तिसरी बगळी' या नावाने. एकही चूक दाखवलेली नाही. झुलप्यांना माझ्या तब्येतीची काळजी वाटेल.

१९ मार्च, बुधवार

पट्टी आज निघाली. हे सकाळीच दवाखान्यात गेले. मी घरी थांबले. पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या. पुन्हा केल्या. चौतीस वर्षांत ज्या पडद्याला मी झटकण्याखेरीज हात लावला नाही, त्याच्या शेजारी परीक्षेला बसल्यासारखी उभी आहे. वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिते आहे.

ह्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता. पट्टी काढल्यावर त्यांच्याकडे बघून सासूबाईंनी नर्सला विचारलं म्हणे, "हा टकल्या कोण?"

"आई, मी!"

"अगं बाई! सगळे केस? आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

म्हणजे दिसतं आहे. चांगलं लख्ख दिसतं आहे. चहाचा डाग मूळच्या जागेपेक्षा वीतभर वर पडलाय, हे आत्ता लक्षात येतंय.

जिन्यात काठी वाजते आहे.

२० मार्च, गुरुवार

काल नंतर लिहिलं नाही.

पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी म्हटलं, आई, बगळे—

"बदललास ते लावलास त्याच दिवशी कळलं. हाताला कळतं. चौतीस वर्षांत तू पहिल्यांदा थापा मारत होतीस, त्याही इतक्या वाईट! म्हटलं, डोळा कापायचा तर कापू दे. हिचं तोंड बघायलाच हवं."

आणि बघत राहिल्या. मग आवाज एकदम उतरला. "एवढी कधी थकलीस गं? पडदा हाताने कळला. तोंडाला तू कधी हात लावू दिला नाहीस."

मी चष्मा काढला आणि खुर्चीजवळ खाली बसले.